चोर आधी शेजाऱ्याच्या दाराला कडी का लावतो?

बंद घर फोडल्याच्या बातम्या नीट वाचणाऱ्याला त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते: ‘चोरट्यांनी आजूबाजूच्या घरांच्या दारांना बाहेरून कड्या लावल्या होत्या.’ कटावणीने कोयंडा उचकटण्यापूर्वी चोर जिन्याच्या चौकात क्षणभर थांबतो आणि समोरच्या दोन-तीन दारांच्या बाहेरच्या कड्या अलगद सरकवतो. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत, पण चोराला नेमकी कशाची धास्ती आहे ते त्यातून कळते. कुलूप तुटते हे त्याला ठाऊक असते, कपाटाची किल्ली बहुधा साड्यांच्या घडीखाली सापडते हेही ठाऊक असते, आणि वॉचमन जेवायला कधी जातो याची माहिती त्याने आधीच काढलेली असते. आवाज ऐकून शेजारी दार उघडेल काय, एवढेच त्याला सांगता येत नाही, म्हणून त्या दाराचा बंदोबस्त तो सर्वांत आधी करतो.

उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सावधगिरीचे संदेश फिरू लागतात आणि गावोगावी तरुण मुले काठ्या-बॅटऱ्या घेऊन गस्तीला उभी राहतात. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे आणि बीड जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात चोरांचे ड्रोन रात्री घिरट्या घालतात अशा बातम्या पसरल्या, तेव्हा कित्येक गावांनी रात्री जागून काढल्या. ग्रामसुरक्षा दल, मोहल्ला कमिटी, नागरिकांची गस्त असे शब्द अशा वेळी कानांवर पडतात. पण या मंडळींना अधिकार कोणते, त्यांच्यामुळे चोऱ्या खरोखर कमी होतात का, आणि रखवालीला निघालेला जमाव कधीकधी स्वतःच गुन्हेगार कसा होतो, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही.

माग शिवेपर्यंत

रखवालीची सामूहिक जबाबदारी आपल्याकडे नवी नाही. पेशवाईतल्या आणि त्यापूर्वीच्याही गावगाड्यात पाटलाच्या हाताखाली जागल्या असे, अनेक गावांत रामोशी असत आणि रात्रीची राखण हे त्यांचे काम होते. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा, तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा, अशी रीत होती. माग ज्या गावात हरवला, त्या गावावर नुकसानीची जबाबदारी येऊ शकत असे. त्यामुळे आपल्या गावात रात्री कोण आले आणि कोण गेले, याची जाण ठेवण्यात साऱ्या गावाचाच फायदा होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखण हे जातीवर लादलेले काम होते, आणि पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणून अनेक समाजांना जन्मतःच चोर ठरवले. हजेरी, परवाने, सोलापुरात काटेरी कुंपणाच्या आतली वसाहत असे सारे त्यांच्या वाट्याला आले. हा कायदा देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. ज्या रामोशी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली, त्याचे नाव आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या समाजांच्या, यादीत आहे. ‘संशयित कोण दिसतो’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनात बऱ्याचदा याच इतिहासातून येते, म्हणून पुढे रखवालीचे नियम पाहताना तो विसरून चालत नाही.

शेजारपहारा म्हणजे काय

एका वस्तीतल्या रहिवाशांनी आपसात ठरवून एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवणे, काही वावगे दिसले तर ते टिपून पोलिसांना कळवणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या पाठीशी उभे राहणे, याला या लेखापुरता आपण शेजारपहारा म्हणू. अमेरिकेत शेरीफांच्या, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या पोलीसप्रमुखांच्या, राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्ये ‘नेबरहूड वॉच’ या नावाने तो सुरू केला, आणि ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन या लहानशा गावापासून तो पसरला. यातली तीन क्रियापदे लक्षात ठेवावीत: पाहणे, टिपणे, कळवणे. अडवणे, पकडणे आणि शिक्षा करणे ही क्रियापदे त्यांत नाहीत, आणि पुढचा बहुतेक गोंधळ ती आत शिरल्यामुळेच होतो.

आपल्याकडची एक सोय या व्याख्येत चपखल बसते. अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा नावाची दूरध्वनी व्यवस्था आहे. नोंदणी केलेल्या गावकऱ्याने ठरावीक टोल-फ्री क्रमांकावर फोन करून आपला निरोप बोलायचा आणि तो त्याच्याच आवाजात गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी पोहोचतो. चोर आले, आग लागली, बिबट्या वस्तीजवळ दिसला, मूल हरवले, अशा कोणत्याही प्रसंगी ती चालते. रानातल्या एकट्या वस्तीवरच्या बाईला शेजार म्हणजे अर्धा मैल दूरचे घर. तिच्यापर्यंत निदान आवाज तरी पोहोचतो.

भिशी आणि शिकागो

शेजारपहाऱ्याने फरक पडतो का, हे पाहायचे तर आधी वस्ती सुरक्षित कशाने होते ते पाहावे लागते. यावरचे सर्वांत गाजलेले काम शिकागो शहरातले आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिथल्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ‘इथे गुन्हे किती होतात?’ एवढेच विचारून ते थांबले नाहीत. शाळा बुडवून मुले नाक्यावर उभी दिसली तर शेजारी काही बोलतील का, कोणी भिंतीवर रंग फासत असेल तर हटकतील का, घरासमोर मारामारी जुंपली तर मध्ये पडतील का, आणि इथल्या लोकांवर विश्वास टाकता येतो का, असे त्यांचे साधे प्रश्न होते. ज्या वस्त्यांत या प्रश्नांची उत्तरे ‘होय’कडे झुकली, तिथे हिंसा कमी होती. गरिबी आणि लोकांचे येणे-जाणे यांचा हिशेब वेगळा काढल्यानंतरही हा फरक उरला. अभ्यासकांनी या गुणाला सामूहिक परिणामकारकता असे जड नाव दिले. आपण त्याला वस्तीची एकी म्हणू.

ही एकी भिशीसारखी असते. भिशीला कागद नसतो, बँक नसते, तरी दर महिन्याला पैसे जमतात, कारण बाकीचे भरणार याची प्रत्येकीला खात्री असते आणि त्या खात्रीवरच ती स्वतःही भरते. चौघींनी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटले की भिशी मोडते. वस्तीतही मी खिडकीतून हाक मारली तर समोरचेही दार उघडेल, या भरवशावरच माणूस हाक मारतो. त्यासाठी घट्ट मैत्री लागत नाही, एकमेकांच्या घरी जेवणखाण लागत नाही; तोंडओळख आणि प्रसंगाला धावून येण्याचा भरवसा पुरतो. फलक लावला, ग्रुप काढला आणि मंडळाला नाव दिले म्हणून तो भरवसा आपोआप निर्माण होत नाही.

दुसरा दाखला इंग्लंडमधल्या रॉचडेल शहराच्या कर्कहोल्ट वसाहतीचा आहे आणि मला तो अधिक शिकवणारा वाटतो. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता. तपास करणाऱ्यांच्या लक्षात आले, की एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण चोराला वाट माहीत झालेली असते. तिथल्या घरांत नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते आणि चोर ती नाणीच पळवत होते, म्हणून ते मीटर काढले गेले. सगळ्या वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी ज्या घरी चोरी झाली त्याच्या लगतच्या साधारण सहा घरांना एकत्र आणून, या घरावर काही आठवडे लक्ष ठेवा, असे सांगण्यात आले. वाफ्यातल्या एका रोपावर कीड दिसली की शेतकरी आधी त्याच रोपाभोवती फिरतो, तसेच हे होते. पुढच्या काळात तिथल्या घरफोड्या झपाट्याने घटल्या.

अशा उपक्रमांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटनमध्ये घेतला गेला, तेव्हा गुन्ह्यांत सरासरी १६ ते २६ टक्के घट दिसली. त्याबरोबर एक खंतावणारी गोष्टही या विषयातल्या जाणकारांनी नोंदवलेली आहे: असे गट सुखवस्तू, मुळातच शांत वस्त्यांत सहज उभे राहतात, आणि जिथे गरज सर्वाधिक, तिथे दोन पाळ्या करून परतणाऱ्या माणसांकडे बैठकीला बसायला वेळ नसतो.

हे तर पोलिसांचे काम

हा आक्षेप रास्त आहे. कर आपण भरतो, बंदोबस्त त्यांनी ठेवावा. पण एका बीटमध्ये, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका भागात, हजारो घरे असतात आणि कोणत्या घरातली माणसे गावाला गेली आहेत, तिसऱ्या मजल्यावर रोज कोण येते, हे बीट अंमलदाराला कसे कळणार? ती माहिती शेजाऱ्यालाच असते. शेजाऱ्याकडे माहिती आहे पण अधिकार नाहीत, पोलिसांकडे अधिकार आहेत पण माहिती नाही, आणि दोघांची गाठ घालून देणे हेच शेजारपहाऱ्याचे खरे काम आहे.

ती गाठ कशी घालावी, याचा महाराष्ट्रातला उत्तम नमुना भिवंडीत झाला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे गाव पोळलेले होते. १९८८ नंतर तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी गोळा करण्याऐवजी हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली साधी माणसे घेतली आणि त्या भागाच्या पोलिसाला त्यांच्यात नियमाने बसवले. बैठकीत बोलणे व्हायचे ते बहुतेक नेहमीच्या तक्रारींचे आणि शेजारच्या भांडणांचे. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एरवी नळाच्या भांडणावर बोलण्यासाठी एकत्र बसलेल्या माणसांना अफवा आली तेव्हा कोणाला विचारायचे हे ठाऊक होते. मुंबईतही दंगलींनंतर याच धर्तीची मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

कॅमेरे आहेत की

कॅमेरा हवाच, तपासात त्याचा उपयोग होतो. पण तो घडून गेलेले दाखवतो, आणि त्याला ओळख नसते. दुपारी तीन वाजता गॅसची शेगडी खांद्यावर घेऊन उतरणारा माणूस दुरुस्तीवाला आहे की चोर, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ‘वहिनी तर कालच नाशिकला गेल्या, मग शेगडी कोणी दिली?’ हा प्रश्न शेजारणीलाच पडतो.

अनोळखी माणसाला विचारायचेच नाही का?

विचारावे, पण कसे विचारतो यावर सारे अवलंबून आहे. आमच्या इमारतीत एकदा दोन तरुण जिन्यातून लोखंडी कपाट खाली आणत होते. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून ‘कोणाकडचं रे बाळांनो? थांबा, पाणी पिऊन जा,’ असे म्हटले. ते दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचे सामान हलवायला आलेले हमाल होते. त्यांनी पाणी प्यायले आणि नावही सांगितले. ते चोर असते तरी आजींनी त्यांना पाहिले, त्यांच्याशी बोलल्या आणि चेहरे लक्षात ठेवले, इतके झालेच असते. एवढी विचारपूस चोराला पुरेशी नकोशी असते आणि कष्टकऱ्याचा तीत अपमान होत नाही.

याच्या उलट टोकाला राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या या गावचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवरून पसरत होते. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. टाळेबंदीतल्या त्या दिवसांत चोर आल्याच्या अफवांनी परिसरातली गावे धास्तावून रात्रीचा पहारा देत होती. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांचा अपराध एकच होता: त्या गावात त्यांना ओळखणारे कोणी नव्हते.

ज्यांचे पोटच फिरण्यावर चालते, असे भटके-विमुक्त, फेरीवाले, परप्रांतातून आलेले मजूर हे प्रत्येक गावाला अनोळखीच असतात. म्हणून टिपायची ती कृती टिपावी, माणसाची जात, पेहराव किंवा भाषा टिपू नये. ‘एक माणूस बंद घराच्या मागच्या खिडकीचे गज वाकवतो आहे’ ही खबर झाली. ‘पालावरचे लोक दिसले’ ही खबर नाही, तो जुनाच पूर्वग्रह आहे. राईनपाड्यानंतर काही दिवसांतच, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा आहे.

चोर हातात सापडला तर?

सामान्य नागरिकालाही अटक करता येते, पण तिची चौकट अरुंद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडत असला पाहिजे, तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे, किंवा समोरची व्यक्ती न्यायालयाने फरारी घोषित केलेली असली पाहिजे. (ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो दखलपात्र, आणि ज्यात जामीन हक्काने मिळत नाही तो अजामीनपात्र.) धरलेल्या माणसाला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. रात्री फिरताना दिसला, उत्तर नीट दिले नाही, बॅग उघडून दाखवली नाही, यांतले काहीही या चौकटीत बसत नाही. अंगावर कोणी धावून आले तर स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, पण तो गरजेपुरताच आहे, आणि बांधून ठेवलेल्या माणसाला मारणे हे कोणत्याही अर्थाने स्वसंरक्षण होत नाही. ग्रामसुरक्षा दलाची टोपी किंवा ओळखपत्र असल्याने यात काही फरक पडत नाही; पोलिसी अधिकार हवे असतील तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली विशेष पोलीस अधिकारी म्हणून लेखी नेमणूकच लागते.

त्यामुळे फोन हेच गस्तीचे हत्यार मानावे. महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ या एकाच क्रमांकावर पोलिसांची मदत मिळते. फोन करताना जागा, किती माणसे, काय करत आहेत, कोणत्या दिशेने गेली आणि गाडीचा क्रमांक एवढे सांगितले की झाले. कोर्टकचेरी मागे लागेल ही भीती बऱ्याच जणांना असते, पण गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे उघड करण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, असे आपला पुराव्याचा कायदाच सांगतो. आणि कॅमेऱ्यातला संशयिताचा फोटो ‘हाच तो चोर’ असे लिहून पन्नास ग्रुपवर टाकण्यापेक्षा पोलीस ठाण्यात द्यावा. माणूस निर्दोष निघाला तर फोटो टाकणाऱ्यावर बदनामीचा गुन्हा होऊ शकतो, आणि राईनपाड्याची सुरुवात अशाच पुढे ढकललेल्या संदेशांनी झाली होती.

चोर घरात शिरतच नाही तेव्हा

आता चोराला जिना चढण्याचीही गरज उरलेली नाही. ‘डिजिटल अटक’ नावाच्या फसवणुकीत पोलीस किंवा सीबीआयचा गणवेश घातलेला भामटा व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने अमली पदार्थांचे पार्सल सापडले आहे असे सांगतो आणि खात्यातली रक्कम ‘तपासणीसाठी’ वळती करायला लावतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. निवृत्त, एकटी राहणारी माणसे यात तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस अडकतात. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पडदे ओढलेले, आणि कॅमेऱ्यातून सक्त ताकीद: कोणाशी बोलायचे नाही, बेल वाजली तरी दार उघडायचे नाही. भामट्याने शेजाऱ्याच्या दाराला घातलेली ही कडीच आहे. म्हणून दुधाची पिशवी सकाळी दहापर्यंत दाराला लटकलेली दिसली, रोज कट्ट्यावर येणारे काका दोन दिवस दिसले नाहीत, तर बेल वाजवून दार उघडेपर्यंत तिथून हलू नये. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

भिंतीपलीकडून रात्री येणाऱ्या किंकाळ्यांबाबत मात्र आपण ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो, आणि मला ही शेजारधर्मातली सर्वांत मोठी चूक वाटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार असा छळ होत असल्याचे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तेवढे धाडस होत नसेल तर वाटीभर साखर मागायला म्हणून दार वाजवावे. कित्येकदा तेवढ्याने हात थांबतो आणि आतल्या बाईला कळते की कोणीतरी ऐकते आहे.

सुरुवात कुठून करावी

दोनशे सभासदांच्या ग्रुपपेक्षा आपल्या लगतची सहा घरे घ्यावीत. त्या सहा घरांत कोण एकटे राहते, गावाला जाताना कोणाचा फोन नंबर कोणाकडे ठेवायचा, कोणाच्या दाराशी वर्तमानपत्रांचा ढीग साचू द्यायचा नाही, हे एका चहाच्या बैठकीत ठरते. बीट अंमलदाराला एकदा बोलावून त्याची ओळख करून घ्यावी. गाव असेल तर पोलीस पाटलांना. एखाद्या घरी चोरी झालीच, तर पंचनामा होईपर्यंत त्या घरातल्या माणसांना आपल्याकडे बसवून घ्यावे, जेवू घालावे, त्यांच्याबरोबर ठाण्यात जावे आणि पुढचे महिनाभर त्या दाराकडे अधिक लक्ष ठेवावे. तक्रार द्यायला हद्दीचा प्रश्न आला तर कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हेही त्यांना सांगावे, कारण त्या गडबडीत त्यांना काही सुचत नसते.

आणि आज घरी गेल्यावर आपल्या दाराची बाहेरची कडी पाहावी. कुलूप लावण्यासाठी तिचा उपयोग होत नसेल तर ती काढून टाकावी, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात आहेच, तर समोरचे दार वाजवून त्यांचीही विचारून काढून द्यावी.